दारात नेऊन पाहिलेला लाल

पहिल्या वर्षी आईला फोटो पाठवला, तेव्हा तिचं उत्तर आलं: "छान आलाय. पण झाड असं असतं का गं?"

फोटो स्टाऊरहेडच्या बागेतला होता. विल्टशरमधली ही बाग आमच्या ब्रिस्टलच्या घरापासून गाडीने तास-सव्वा तासावर आहे. तळ्याकाठचं जपानी मॅपल, मागे पाणी, पाण्यापलीकडे खांबांचं देऊळ. झाड लालभडक. मी लिहिलं, "अगं, असंच असतं. इथे ऑक्टोबरात झाडं अशीच होतात." लिहितानाच मला ठाऊक होतं की झाड तसं नव्हतं. बागेत उभी होते तेव्हा त्या एका झाडात मला दहा रंग दिसले होते. फोटोत एकच उरला होता. पान दिसत नव्हतं, पानाची शीर दिसत नव्हती, नुसता रंगाचा गोळा.

तो फोटो तसा का आला आणि पुढे तो सुधारायला मी काय काय केलं, हे मराठीत लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मला कुणी हे आधी सांगितलं असतं तर माझा एक अख्खा हंगाम वाचला असता, आणि इथे हंगाम म्हणजे जेमतेम तीन आठवडे.

त्या पहिल्या खेपेला मी रविवारी, भर दुपारी गेले होते. आकाश निरभ्र, ऊन लख्ख. छान दिवस आहे, फोटो छान येतील, असं धरून चालले होते. कॅमेरा जेपेगवर, म्हणजे फोटो कॅमेऱ्यातच रंग लावून पक्का होणार, आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणारी सोय, ऑटोवर. घरी येऊन बघते तर सगळं फिकं, थोडं निळसर. मग रंगाचा भडकपणा वाढवणारा सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे ढकलला, आणखी ढकलला, आणि "आता रंग आला" म्हणून पाठवून दिला.

झालं होतं ते असं. ऑटो व्हाइट बॅलन्सला समोर नुसतं नारिंगी-पिवळं दिसलं की त्याला वाटतं, उजेडच पिवळा आहे. मग तो आपणहून निळं मिसळतो आणि चित्र समतोल करतो. म्हणजे ज्या सोनेरी उजेडासाठी आपण तिथवर गेलो, तोच तो पुसून टाकतो. दुसरी गोष्ट त्याहून नुकसानीची. कॅमेऱ्याच्या मागे जो पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड असा आलेख, दिसतो, तो सगळ्या उजेडाचा मिळून असतो. लाल, हिरवा, निळा असे तीन आलेख वेगळे लावून बघितले तर कळतं की एकूण उजेड बेताचा असला तरी लालचा आलेख उजव्या भिंतीला जाऊन थडकलेला असतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. लाल शेवटच्या पायरीवर गेला की त्याच्या पुढचं सगळं एकाच पायरीवर गोळा होतं. पानाचा उजळ भाग, त्याची शीर, शेजारच्या पानाची कड, सगळं एकच लाल. आधीच तिथे पोचलेल्या रंगावर मी आणखी सॅच्युरेशन चढवलं होतं.

त्यावर उपाय साधाच आहे. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या मूळ फाइलमध्ये, काढायचा, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर पक्का करून ठेवायचा, तीन रंगांचा हिस्टोग्राम चालू ठेवायचा आणि लाल भिंतीला टेकतोय असं दिसलं की एक्स्पोजर दोन-तृतीयांश किंवा एक स्टॉपने (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली आणायचं. पडद्यावर फोटो अंधारा वाटतो, वाटू द्यायचा. रॉ फाइलमध्ये बऱ्याचदा लाल शाबूत असतो, कारण व्हाइट बॅलन्स लावताना लाल चॅनल वाढवला जातो आणि तो त्या वाढवण्यात फुटतो. मूळ फाइल हातात असेल तर ती वाढ आपल्याला आवरता येते. जेपेगमध्ये ती वाढ आधीच पक्की होऊन बसलेली असते.

हे सगळं मी हिवाळ्यात शिकले. पण फोटो खरा सुधारला तो पुढच्या वर्षी, आणि त्याला कारण दोन माणसं. एक माझी आई. दुसरा माणूस अडीचशे वर्षांमागचा, ही बाग करणारा.

हेन्री होर हा लंडनच्या एका पेढीवाल्या घराण्यातला. स्टाऊर नदीच्या उगमाजवळची दरी बांध घालून अडवली आणि तिथे तळं केलं. १७४० च्या दशकात कामाला सुरुवात झाली आणि पुढे ते कितीतरी वर्षं चालू राहिलं. तळ्याकाठी देवळं बांधली: आधी फ्लोराचं, मग १७५३-५४ च्या सुमारास पँथिऑन हे घुमटाचं देऊळ, मग डोंगरावर अपोलोचं. हेन्री फ्लिटक्रॉफ्ट या वास्तुकाराने ती केली. या देवळांत पूजा होत नाही, ती चित्रातल्यासारखी दिसावीत म्हणून आहेत. क्लोद लोरँ आणि गास्पार द्यूगे या सतराव्या शतकातल्या चित्रकारांनी रंगवलेली इटलीची निसर्गचित्रं त्या काळी इंग्लंडातल्या श्रीमंत घरांत मोठ्या हौसेने टांगली जात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्लोदचं १६७२ सालचं एक चित्र आहे, डेलॉस बेटावरच्या एनियसचं, म्हणजे रोमन पुराणकथेतल्या एका वीराचं. त्यातलं घुमटाचं, खांबांचं देऊळ बघितलं की स्टाऊरहेडचं पँथिऑन डोळ्यांपुढे येतं. १७६२ मध्ये दगडी पूल बांधला जात असताना होरने आपल्या मुलीला पत्रात लिहिलं होतं की इथून हे सगळं गास्पारच्या चित्रासारखं दिसेल.

म्हणजे चौकट त्याने आधीच आखून ठेवली आहे. पायवाट जिथे वळते, जिथे झाडांची फट आहे, जिथे पूल आणि देऊळ एका रेषेत येतात, तिथे तुम्ही उभं राहावं हे कुणीतरी ठरवलेलं आहे. पहिल्या वर्षी मी ते न जाणता झाडांच्या मागे लागले. सर्वांत लाल झाड कुठलं ते शोधायचं आणि त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं.

होरचं आणखी एक म्हणणं त्याच्या एका मित्राने टिपून ठेवलं आहे, आणि ते वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून बराच वेळ बसले. त्याचा आशय असा: हिरव्या रंगांचे मोठमोठे पुंजके एकत्र ठेवावेत, चित्रात सावल्या ठेवतात तसे. गडद पुंजक्यांसमोर उजळ पुंजके यावेत, आणि गडदाच्या आतही कुठे कुठे उजळ हिरव्याचे शिंतोडे असावेत. बागेचा हा पाया हिरव्याचा आहे. बीच, ओक, यू, लॉरेल. लाल मॅपल नंतरच्या पिढ्यांनी लावले. १९४६ मध्ये होर घराण्याने ही बाग जुन्या वास्तू आणि बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिली, तोवर दोनशे वर्षं तिच्यात एकेक झाड येत राहिलं. आपण आज ज्या लालसाठी जातो तो पाहुणा आहे, आणि तो उठून दिसतो तो मागच्या त्या काळपट हिरव्या भिंतीमुळे. माझ्या फोटोत मी ती भिंतही भडक हिरवी करून टाकली होती. सॅच्युरेशन सगळ्यांनाच चढतं ना.

पुढच्या वर्षी आई आली. सातारा सोडून ती पहिल्यांदाच सहा महिने राहिली. जूनमध्ये आली होती आणि दिवाळी करून जाणार होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे करायच्या आधी, आम्ही दोघी निघालो. हा आठवडा मी मुद्दाम धरला होता. बाग नऊला उघडते. घड्याळं बदलण्याआधी त्या सुमारास सूर्य पावणेआठनंतर उगवतो, म्हणजे नऊला ऊन अगदी कोवळं असतं आणि तळ्यावरचं धुकं अजून उठलेलं नसतं. घड्याळं एक तास मागे गेली की सूर्य सातलाच उगवतो, फाटक मात्र नऊलाच उघडतं, आणि तो एक तास आपल्या हातून जातो. शाळांना सुट्टी असल्याने गर्दी होते, पण फाटकाशी पहिल्यांदा उभं राहिलं की पंधरा-वीस मिनिटं बाग आपली असते.

गाडीतून उतरल्या उतरल्या आईने स्वेटरवर शाल घेतली आणि म्हणाली, "माघातली थंडी आहे गं ही." गावातून चालत आलो की पुलाशी एक उंच कोरीव दगडी खांब लागतो, त्यात राजांच्या मूर्ती बसवलेल्या. हा मूळचा ब्रिस्टलचा हाय क्रॉस. तिथे तो शहरात रस्त्यावर होता, मग उतरवला गेला, आणि त्याचे सुटे दगड होरने १७६४-६५ मध्ये इथे आणून तो पुन्हा उभा केला. आईला सांगितलं तर तिने त्याला हात लावला. "म्हणजे तुमच्याच गावचा. इथे येऊन राहिलाय."

पुढे पूल. पाच कमानींचा, वर गवत वाढवलेला. पुलाच्या अलीकडून तळ्यापार बघितलं की समोर पँथिऑन. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून येतं आणि थेट देवळाच्या तोंडावर पडतं. धुकं पाण्यापासून हातभर वर तरंगत होतं. त्यात देवळाचे खांब पायाशी विरलेले आणि घुमट उन्हात. डावीकडे बीचची पानं तांबूस, उजवीकडे मॅपल, मध्ये सगळं गडद हिरवं. मी ट्रायपॉड लावेपर्यंत आई नुसती बघत उभी होती. मग म्हणाली, "तुझ्या फोटोतलं लाल वेगळं होतं. हे वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"हे सुती आहे. ते नायलॉनचं होतं."

यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

त्या सकाळी मी पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारी भिंगावरची फिरती काच, वापरला, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. भिजलेल्या पानावर आकाशाची चकाकी बसते. डोळ्याला ती जाणवत नाही, कारण आपण डोकं हलवतो, दोन डोळ्यांनी बघतो. कॅमेऱ्याला ती पांढरट सायीसारखी दिसते आणि तिच्याखालचा रंग झाकला जातो. भिंगावरची ती कडी हळूहळू फिरवायची. एका जागी येते आणि मॅपलच्या पानांवरची साय उतरते, खालून रंग वर येतो, जशी धुतलेल्या फरशीवरची धूळ उतरावी. अशा वेळी सॅच्युरेशनची गरजच राहत नाही, रंग तिथेच असतो. पण मी आणखी फिरवली तर तळ्यातलं प्रतिबिंबही पुसायला लागलं, कारण तीही चकाकीच. आणि प्रतिबिंब म्हणजे या बागेचं अर्धं चित्र. मग कडी पुन्हा मागे, निम्म्यावर. पानं पुरती ओली दिसायची थांबतात आणि पाण्यात घुमट शाबूत राहतो, अशी एक जागा असते. ती दर दहा पावलांनी बदलते, म्हणून दर वेळी नव्याने शोधावी लागते. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेडही खातो. झाडाखाली शटर पाव सेकंदावर आलं, आणि वारा सुटला की पानं पुसट. वाऱ्याची झुळूक जाईपर्यंत हात बटणावर ठेवून थांबायचं. त्या थांबण्यातच मी झाड नीट बघायला शिकले.

तळ्याला वळसा घालून पँथिऑनपाशी पोचलो तेव्हा ऊन समोरून यायला लागलं होतं. समोरच्या उन्हाची पानं ही वेगळीच गोष्ट. पाठीमागून ऊन असताना पान रंगवलेल्या पत्र्यासारखं दिसतं. समोरून ऊन आलं की ते पानातून आरपार येतं, आणि पान आतून पेटल्यासारखं होतं. इथल्या ट्यूलिप ट्रीची पानं अशी उन्हासमोर बघावीत. हळदीचा पिवळा, शिरांच्या कडेने अजून हिरवा. आईने एक पडलेलं पान उचललं. या झाडाच्या पानाला टोक नसतं, कात्रीने कापून टाकल्यासारखं सरळ असतं. तिने ते उलटसुलट केलं, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, आणि पिशवीतल्या वर्तमानपत्राच्या घडीत ठेवलं. मग मॅपलची दोन, बीचची तीन. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "घरी गेल्यावर तुला आठवणार नाही. जुळवायला नमुना लागतो."

दिवसभर ऊन तिरपंच राहतं. नोव्हेंबरच्या तोंडावर या भागात सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंश वर येतो. तरी मी अकराला कॅमेरा पिशवीत टाकला. आकाश निवळलं होतं, पाण्यावर पांढरी चकाकी, वाटेवर गर्दी. बाकीचा वेळ आम्ही बाकावर बसून धपाटे खाल्ले.

परतताना आईने विचारलं की पानं लाल का होतात. जे माहीत होतं ते सांगितलं. हिरवा रंग देणारं क्लोरोफिल झाड मोडून परत आत ओढून घेतं. पिवळा पानात आधीपासूनच असतो, हिरवा गेला की तो उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो, जाता जाता. दिवस उन्हाचे आणि रात्री गार असल्या की तो चांगला चढतो, म्हणून एखादं वर्ष तांबडं निघतं आणि एखादं नुसतं पिवळं. आई म्हणाली, "आपल्याकडे कुसुंब लाल होतो, तो येताना." खरंच आहे. घाटात फाल्गुन-चैत्रात कुसुंबाची नवी पालवी लालबुंद येते आणि मग हिरवी होते. तिथे कोवळं पान लाल, इथे जाणारं पान लाल, आणि रंगद्रव्य त्याच जातीचं, अँथोसायनिन. मला 'ऑटम'ला मराठी शब्द नेहमी अडतो. शरद म्हणावं तर डोळ्यांपुढे कोजागिरीचं चांदणं आणि पिकलेलं भात येतं. पानगळ म्हणावं तर ती आपली शिशिरातली, धुळीची, करड्या फांद्यांची. या रंगाच्या आठवड्यांना आपल्याकडे ऋतू नाही. पण रंगांना शब्द मात्र आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्या रात्री तेच उपयोगी पडले.

जेवणं झाल्यावर मी फाइली उघडल्या. लाइटरूम या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये पहिलाच फोटो, पुलाशी काढलेला. व्हाइट बॅलन्स नेमका हवा म्हणून ड्रॉपर (टिचकी मारू तो भाग पांढरा-करडा धरून रंग जुळवणारं साधन) घेऊन पँथिऑनच्या खांबावर टिचकी मारली, पांढरा दगड म्हणून. सगळा फोटो थंड, निळसर. दुसऱ्या खांबावर मारली, तेच. मग मी हाताने पिवळा वाढवत गेले. आई मागून बघत होती.

"कुठल्या उजेडात बघतेस?"

खोलीत टेबललॅम्प होता, पिवळ्या दिव्याचा.

"साडी अशी घेतेस का? दुकानातल्या दिव्याखाली? दारात नेऊन बघायची. दारात एक असते आणि आत एक."

लहानपणी साताऱ्यात राजपथावरच्या दुकानात आई घडी मोडलेली साडी हातावर टाकून उंबऱ्यापर्यंत जायची, पदराचं टोक उन्हात धरायची, आणि दुकानदार काही न बोलता वाट बघायचा. कितीदा बघितलंय मी ते. लॅपटॉप बंद केला. सकाळी खिडकीशी टेबल ओढलं, ढगाळ उजेडात बसले, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणला, आणि वर्तमानपत्रातली पानं बाजूला पांढऱ्या कागदावर मांडली.

दिवसाच्या उजेडात कळलं की खांब पांढरे नव्हतेच. सकाळच्या उन्हात तो दगड मधाच्या रंगाचा होता आणि मी त्याला पांढरा ठरवून सगळ्या बागेतला मध काढून घेतला होता. ड्रॉपर सोडून दिला. व्हाइट बॅलन्स हाताने हलवत ५३०० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचं माप) आसपास थांबले. धुक्यातल्या सावल्या थोड्या निळ्या राहिल्या; राहू दिल्या, कारण त्या तशाच होत्या. थंडी त्या निळ्यातच होती.

मग रंग. लाइटरूममध्ये लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे आठ रंगांचे स्लायडर असतात, आणि बागेतला सगळा शरद (आता तोच शब्द वापरते) त्यातल्या पहिल्या तीनमध्ये कोंबलेला असतो. मी चुकत होते ती इथे. 'लाल' नावाचा स्लायडर धरून मी सगळ्या लालांना एकदमच ओढत होते. आई शेजारी बसून पानं हातात घेऊन नावं सांगत गेली. हे मॅपलचं बाहेरचं पान, उन्हातलं: शेंदरी. हे आतलं, सावलीतलं: डाळिंबी. हे वाळायला लागलेलं, कडेने काळपट: आमसुली. बीचचं: विटकरी, आणि हे दुसरं काताच्या रंगाचं. ट्यूलिपचं हळदी, देठाशी कैरीसारखं. तिच्या कपाटातल्या साड्यांचे रंग. मी कागदावर लिहून घेतले आणि फोटोत प्रत्येकाची जागा शोधली.

त्यानंतर काम फार वेगळं झालं. "लाल वाढवू का?" हा प्रश्न राहिला नाही. "आमसुली दिसतोय का?" हा प्रश्न आला. दिसत नव्हता. तो शेंदरीत विरघळला होता. लालचा ल्युमिनन्स, म्हणजे उजळपणा, थोडा खाली घेतला आणि आमसुली परत आला. नारिंगीचा ह्यू, म्हणजे छटा, जराही हलवला नाही, कारण शेंदरी आणि विटकरी दोन्ही तिथे राहतात आणि एकाला ढकललं की दुसरा बिघडतो. व्हायब्रन्स आठ. सॅच्युरेशन शून्य. व्हायब्रन्स आधी फिक्या रंगांना उचलतो आणि आधीच गडद असलेल्यांना फारसा धक्का लावत नाही, म्हणून तो इथे चालतो. डीहेझ नावाचा स्लायडर धुकं कापतो. फोटो एकदम उठावदार होतो, बघणारे वाहवा करतात, आणि ज्यासाठी पहाटे पाचला उठलो ते धुकं जातं. त्याला मी हात लावला नाही.

शेवटी हिरवे. होरचं वाक्य समोर ठेवून केलेलं हे एकच काम. हिरव्याचं सॅच्युरेशन बरंच खाली, ल्युमिनन्सही खाली, ह्यू किंचित पिवळ्यापासून दूर. कॅमेरा गवत आणि लॉरेल दोन्ही पोपटी करतो. बागेत लॉरेल शेवाळी असते, जवळजवळ काळी. मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तळ्यापलीकडचा झाडांचा पट्टा आणखी थोडा गडद केला, आणि त्यात जिथे ऊन पडलं होतं ते शिंतोडे तसेच ठेवले. त्याबरोबर पँथिऑन पुढे आलं. मॅपल पुढे आलं. मॅपलला मी शेवटच्या अर्ध्या तासात काहीच केलं नव्हतं.

पानं मात्र दोन दिवसांत बदलली. मॅपल आकसून तपकिरी झालं, ट्यूलिपचा हळदी जाऊन चामड्यासारखा झाला. नमुना टिकत नाही. नावं टिकतात, म्हणून तो कागद मी जपून ठेवला आहे आणि दर हंगामात त्यात एखादं नाव वाढतं.

प्रिंटचं थोडक्यात सांगते. पहिली प्रिंट एका दुकानातून काढली तर ती मळकट, फिकी आली. चूक माझी होती: मी फाइल अडोब आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या पद्धतीत पाठवली होती आणि तिथे ती नेहमीच्या एसआरजीबीतली समजून छापली गेली, त्यामुळे रंग उडाले. आणि माझा पडदा तोवर नेहमी इतका उजळ असायचा की माझे आधीचे सगळे फोटो कागदावर काळवंडले असते. नंतर पडदा मोजून जुळवणारं यंत्र घेतलं. मॅट कागदावर लाल जरा बसतो, त्याचा उजेड कमी होतो, म्हणून छपाईआधी सॉफ्ट प्रूफ करून, म्हणजे कागदावर रंग कसे येतील ते पडद्यावरच, बघते. पण चकचकीत कागद घेत नाही. सुती हवं ना.

आई दिवाळीनंतर गेली. जाताना प्रिंट पुठ्ठ्याच्या नळीत घालून सामानात दिली होती. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. चौकट करायला टाकण्याआधी तिने ती दारात नेऊन बघितली होती, सकाळी, अंगणातल्या उन्हात.

"चांगली आहे. शेंदरी बरोबर. डाळिंबी बरोबर. तो उजव्या कोपऱ्यात खाली, पाण्याशी, आमसुली होता बघ, वाळलेला. तो काळा झालाय."

मी फाइल उघडली. उजवा कोपरा, मॅपलची खालची फांदी. मोठं करून बघितलं. आमसुली होता तिथे, सावलीत बुडालेला. ब्रशने तेवढीच फांदी रंगवली आणि सावल्या बारा अंकांनी वर घेतल्या. बाहेर चारलाच अंधारून आलं होतं. सकाळी खिडकीशी बघू म्हणून ठेवून दिलं.